पेटीवरचे शिक्कामोर्तब

'शिक्कामोर्तब होणे' हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळून गेला आहे की, त्यात दोन निरनिराळ्या मुद्रा दडलेल्या आहेत याची सहसा कोणाला आठवण होत नाही. शिक्का पत्राच्या माथ्यावर असे आणि मोर्तब पत्राच्या अखेरीस. माथ्यावरच्या शिक्क्यावरून पत्र कोणाचे ते कळे. अखेरच्या मोर्तबाचे काम वेगळे होते. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी एखादे अक्षर वाढवील तर ते खोटे समजावे, एवढेच ते सांगत असे. शिवाजीमहाराजांच्या मोर्तबावर तर 'मर्यादा येथे शोभते' अशा अर्थाची संस्कृत अक्षरेच कोरलेली होती. कागदाला कागद जोडून पत्र लांबवले असेल, तर पाठीमागे सांध्यांवरही शिक्के उठवीत, म्हणजे मधला तुकडा काढून तेथे दुसरा चिकटवण्याची सोय उरत नसे. या शिक्क्यांपैकी एकातही कागद फाटण्यापासून वाचवण्याचे बळ नव्हते. कोणीही पत्र फोडू शके, जाळू शके. परंतु ते फोडले आहे ही गोष्ट मात्र त्याला लपवता येत नसे.

शिक्का राखण करीत नाही, तो साक्ष देतो. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे आजच्या जागतिक व्यापारात पोलादाच्या एका बोटभर तुकड्याला एवढे महत्त्व का आले आहे, हे समजणे सोपे जाते. हा तुकडा म्हणजे मालाच्या कंटेनरच्या दारावर लावले जाणारे सील. ते पाहावयाचे असेल तर बंदरावरच गेले पाहिजे असे नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या, ज्याला लाट ठाऊक नाही आणि भरती-ओहोटीही ठाऊक नाही अशा बंगळूर शहरातही ते रोज दिसते.

बंगळूर आणि मराठी माणूस यांचे नाते जुने. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर येथे होती, आणि शिक्क्यांची ती कागदपत्रे ज्या कारभारात तयार होत, त्या कारभाराचा एक हात याच नगरातून चाले. परंतु सीलच्या संदर्भात बंगळूरचे महत्त्व अगदी अलीकडचे आहे. कंटेनर भरलेले जहाज प्रथम निघाले ते २६ एप्रिल १९५६ रोजी, अमेरिकेतील न्यूआर्कहून ह्यूस्टनकडे. त्यावर ५८ पेट्या होत्या आणि ती कल्पना मॅल्कम मॅक्लीन या ट्रकमालकाची. भारताच्या किनाऱ्याला असा कंटेनर लागावयास १९७३ साल उजाडले, आणि तो लागला कोचीनला. मात्र ही पेटी बंदरावरच न उघडता तशीच्या तशी देशाच्या पोटात न्यावयाची, सीमाशुल्काची तपासणीही तेथेच करावयाची, हा प्रयोग भारतीय रेल्वेने प्रथम केला तो बंगळूरला, १९८१ साली. देशातील पहिला अंतर्देशीय कंटेनर डेपो तो हाच. पुढे १९८८ साली कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि दुसऱ्या वर्षी रेल्वेचे असे सात डेपो तिच्या हाती आले. आज व्हाइटफील्ड रेल्वेस्थानकाजवळ या डेपोचे मोठे आवार आहे. येथून निघालेली पेटी सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या चेन्नई बंदरात पोचते, आणि तेथून तिचा खरा समुद्रप्रवास सुरू होतो.

ज्याला 'कोरडे बंदर' म्हणतात ते हेच. पण या कोरड्या बंदराची सारी कल्पना एका गृहीतावर उभी आहे. बंगळूरला जी पेटी तपासून बंद केली, तीच पेटी, त्याच मालासह, चेन्नईच्या धक्क्यावर आली, असे मानले जाते. मधल्या साडेतीनशे किलोमीटरांत काय घडले हे पाहावयास कोणी अधिकारी बरोबर नसतो. बरोबर असते ते फक्त सील.

कंटेनर येण्यापूर्वी बंदरावरच्या चोरीची तऱ्हा निराळी होती. गाठोडी, पिंपे, लाकडी खोकी एकेक करून हमालांच्या आकड्यांनी उतरत. एखादे खोके 'चुकून' पडे, फुटे, आणि फुटलेल्यातील चार वस्तू खिशात जात. ही भुरटी चोरी जगातल्या बहुतेक बंदरांत जवळजवळ रिवाजाचा भाग होऊन बसली होती. पोलादी पेटीने तिला एकदम आळा घातला. आत काय आहे हेच दिसेना, तर उचलणार काय? पण चोरीचा धंदा असा सहजासहजी बुडत नसतो. त्याने आपले प्रमाण वाढवले. पूर्वी चार वस्तू जात, आता गेलीच तर सबंध पेटी रिकामी होते.

या पेटीच्या दाराची रचना थोडी समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढची सारी हकिगत त्या रचनेवर अवलंबून आहे. दाराला दोन फळ्या असतात. आधी डावी लागते, मग तिच्यावर उजवी बसते. म्हणजे उजवी उघडल्याशिवाय डावी उघडत नाही. प्रत्येक फळीवर बहुधा दोन उभे गज असतात आणि ते खालीवर चौकटीतील खाचांत अडकतात. गज फिरवावयास एक मूठ असते. ती आडवी करून कोयंड्यात बसवली की गज पक्के होतात. मूठ आणि कोयंडा यांच्या भोकांतून जो खिळा ओवावयाचा, तो म्हणजे सील. उजव्या फळीवर तो बसला की डावीही आपोआप बंद राहते.

पूर्वी मालगाडीच्या वाघिणींना तार आणि शिशाची गोळी, टपालाच्या पिशव्यांना सुतळी आणि लाख, एवढ्यावर भागत असे. आज कंटेनरला लागते ते पोलादी खिळ्याचे सील. आपल्याकडच्या डेपोंत त्याला 'बॉटल सील' म्हणतात, कारण त्याचा आकार खरोखरच लहानशा बाटलीसारखा दिसतो. त्याचे दोन भाग असतात. एक डोके असलेला खिळा आणि दुसरे त्यावर बसणारे टोपण. खिळ्याच्या टोकाशी एक खाच असते आणि टोपणाच्या पोटात पोलादी तारेचे एक लवचिक कडे. खिळा दाबून आत सारला की कडे त्या खाचेत 'खट्' करून बसते. मग किल्ली नाही, उघडण्याची युक्ती नाही. हातभर लांबीच्या कातरीने खिळा कापणे हाच मार्ग. खिळ्यावर आणि टोपणावर एकच क्रमांक कोरलेला असतो. तो क्रमांक दुसऱ्या कोणत्याही सीलवर असता कामा नये, हा या उद्योगाचा पहिला नियम.

या सीलसाठी आयएसओ १७७१२ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात सीलचे तीन वर्ग केले आहेत: नुसती खूण दाखवणारे, थोडा अडथळा करणारे आणि उच्च सुरक्षेचे. तिसऱ्या वर्गात बसण्यासाठी सीलने किमान १० किलोन्यूटन ताण सोसला पाहिजे. सोप्या भाषेत सांगावयाचे तर, जवळजवळ एक टन वजन त्याला टांगले तरी ते सुटता कामा नये. कापण्याची, वाकवण्याची आणि आघाताची कसोटी वेगळी. खिळ्याचे डोके आणि टोपण कोयंड्याच्या भोकातून निसटू नये म्हणून त्यांची रुंदी किमान १८ मिलिमीटर असावी लागते. मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीत मात्र एक फार शहाणपणाची गोष्ट आली. सील किती मजबूत आहे एवढेच पाहून भागत नाही. त्याच्याशी कोणी खेळ केला तर त्याची खूण मागे राहते का, याचीही परीक्षा झाली पाहिजे. एवढेच नव्हे, तर सील बनवणाऱ्या कारखान्याचा कारभारही तपासला पाहिजे. कारण एकाच क्रमांकाची दोन सीले बाजारात आली, तर एक टनाचे बळ काय कामाचे?

ही चिंता आजची नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचा जो अध्याय आहे, त्यात ती स्वच्छ दिसते. परदेशाहून येणाऱ्या तांड्याचा माल सीमेवरच्या अंतपालाने तपासावा, त्यावर ओळखीची खूण आणि मुद्रा करावी आणि मग तो शुल्काध्यक्षाकडे पाठवावा, असे तेथे सांगितले आहे. ही अंतर्देशीय डेपोचीच पद्धत झाली, फक्त उलट्या दिशेने! आणि दंडाची प्रतवारी तर मोठी मार्मिक आहे. मालावर मुद्राच नसेल, तर द्यावयाच्या शुल्काच्या दुप्पट दंड. मुद्रा बनावट असेल तर आठपट. आणि मुद्रा फुटलेली असेल तर व्यापाऱ्याला नाक्यावर खोळंबून राहण्याची शिक्षा. मुद्रा वाटेत फुटू शकते, त्यात व्यापाऱ्याचा दोष असेलच असे नाही, हे ग्रंथकाराला कळत होते. मुद्रा नसणे हा गुन्हा, पण खोटी मुद्रा लावणे हा त्याहून चौपट गुन्हा, कारण तेथे साक्षीदारच विकत घेतलेला असतो. योगायोग असा की, हा लुप्त झालेला ग्रंथ म्हैसूरच्या आर. शामशास्त्रींनी १९०९ साली छापून उजेडात आणला, आणि त्यांचा इंग्रजी अनुवाद १९१५ साली बंगळूरलाच प्रसिद्ध झाला.

आता चोर काय करतो ते पाहू. अडाणी चोर सील कापतो, आणि तेथेच सापडण्याची सोय करून ठेवतो. धंद्यात मुरलेला चोर सीलला हातही लावत नाही. कोयंडा आणि मूठ दाराला ज्या रिव्हेटांनी जोडलेली असते, ते रिव्हेट तो काढतो. नाही तर फळीच्या बिजागऱ्यांकडे वळतो. दार बाजूने सरकते, माल बाहेर येतो, आणि मग नवे रिव्हेट ठोकून वर त्याच रंगाचा हात फिरवला की काम संपले. सील जसेच्या तसे आणि क्रमांकही तोच. नाक्यावरचा कारकून सील पाहतो, कागद पाहतो, आणि पेटी पुढे जाते. आत मात्र रेशमाच्या किंवा मोबाइलच्या जागी वजन भरण्यापुरत्या विटा असतात.

येथे सीलचा गुण हाच त्याचा दोष ठरतो. परदेशी जाणाऱ्या पूर्ण भरलेल्या कंटेनरच्या जहाजपावतीवर बहुधा असा मजकूर असतो की, माल निर्यातदाराने भरला, त्यानेच मोजला आणि त्यानेच सीलबंद केला. जहाज कंपनीने स्वीकारली ती एक बंद पेटी आणि एक क्रमांक. पलीकडच्या बंदरात सील शाबूत निघाले आणि आतला माल कमी भरला, तर कंपनी म्हणते की, जे दिले होते ते पोचवले. मग माल भरला होता हे सिद्ध करण्याचा भार त्या कारखानदारावर येऊन पडतो. बंगळुरात तयार कपडे शिवणारा एखादा लहान कारखानदार हंगामाची सारी पुंजी एका पेटीत घालून बसलेला असतो. परदेशी गिऱ्हाईक पैसे अडवते, विमा कंपनी पुरावा मागते, आणि सारा पुरावा त्याच्याच विरुद्ध जातो. कारण साक्षीदार, म्हणजे ते सील, शपथेवर सांगत असते की वाटेत काहीच झाले नाही.

उलट, सील तुटलेले किंवा क्रमांक न जुळणारे निघाले तर संशयाचे पहिले बोट ट्रकच्या चालकाकडे वळते. वास्तविक पेटीत काय भरले हे त्याने पाहिलेले नसते. पुष्कळदा त्याला ते सांगितलेलेही नसते. त्याच्या हाती एक कागद आणि त्यावर एक क्रमांक. होसूर, कृष्णगिरी, राणीपेट असा रात्रीचा रस्ता तोडताना कोठे तरी त्याला जेवावयास थांबावे लागते, झोपावे लागते. त्या दोन तासांत दाराशी काय झाले याचा जबाब पुढे त्यालाच द्यावा लागतो. म्हणून जाणता चालक पुन्हा निघताना गाडीच्या मागे जाऊन एकदा सील ओढून पाहतो. निर्दोषपणाचे दुसरे प्रमाणपत्र त्याच्यापाशी नसते. सीलविषयी बोलताना व्यापारी, विमावाले आणि जहाजवाले यांचा विचार पुष्कळ होतो. या माणसाचा व्हावा तितका होत नाही.

सरळसरळ दरोड्यापुढे तर सीलचे काहीच चालत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरहून मुंबईकडे मोबाइल फोन घेऊन निघालेला ट्रक कृष्णगिरी जिल्ह्यात शूलगिरीजवळ लुटला गेला. चालकांना मारहाण झाली आणि कोट्यवधी रुपयांचा माल गेला. अशा प्रसंगी उपयोगी पडते ती रस्त्यावरची गस्त आणि गाडीचा ठावठिकाणा कळवणारे यंत्र. सीलकडून त्याची अपेक्षा करणे म्हणजे मोर्तबाने वाटमाऱ्याला अडवावे असे म्हणण्यासारखे होय.

पेटीतून माल काढणे हा एक प्रकार झाला. तीत नको तो माल भरणे हा दुसरा, आणि दक्षिणेत त्याचे नाव रक्तचंदन. आंध्रातील शेषाचलमच्या डोंगरांत हा वृक्ष होतो. १९९५ पासून तो आंतरराष्ट्रीय संरक्षणाच्या यादीत आहे आणि जंगलातून तोडलेल्या त्याच्या ओंडक्यांची निर्यात निषिद्ध आहे. कागदोपत्री फरशी किंवा असाच कोणता तरी साधा माल दाखवून पेटी सीलबंद करावयाची, वाटेत तिला आडमार्गाने एखाद्या गोदामात न्यावयाचे, सील न मोडता दार खोलून आतला माल बदलावयाचा आणि पेटी बंदरावर रवाना करावयाची, अशी प्रकरणे महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने वारंवार उघडकीस आणली आहेत. येथे सील चोराला अडवत तर नाहीच, उलट त्याचा परवाना होऊन बसते.

२०१७ साली भारतात या व्यवस्थेत मोठा पालट झाला. तोवर कारखान्यात भरलेल्या पेटीला उत्पादनशुल्क खात्याचा अधिकारी समक्ष येऊन सील लावीत असे. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर लागू झाला आणि निर्यातदाराने आपली पेटी स्वतःच सील करावी असे ठरले. विश्वास टाकला खरा, पण त्याच्या जोडीला वर्षअखेरीस इलेक्ट्रॉनिक सील आले. हे मुळात उच्च सुरक्षेच्या वर्गातलेच बॉटल सील. फक्त त्याच्या पोटात रेडिओलहरींनी वाचता येणारी एक चिप असते. निर्यातदाराने सील लावल्यावर आपला परवाना क्रमांक, शिपिंग बिलाचा क्रमांक, ट्रकचा क्रमांक आणि सील लावल्याची वेळ संगणकावर कळवावयाची. बंदरावर किंवा डेपोत सीमाशुल्काचा माणूस वाचकयंत्र जवळ नेतो, आणि सील आपली ओळख सांगते. खिळा कापला गेला असेल तर चिप मुकी होते.

कागदावरचा क्रमांक घाईत चुकीचा वाचला जाण्याचा किंवा मुद्दाम 'वाचला' जाण्याचा धोका यामुळे पुष्कळ कमी झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु या सीलविषयी एक गैरसमज रूढ आहे. ते वाटभर कोणाला खबर देत राहते, असे अनेकांना वाटते. तसे नाही. त्यात स्वतःची वीज नसते. वाचकयंत्र जवळ आले की त्याच्या लहरींवरच ते दोन शब्द बोलते आणि पुन्हा गप्प होते. राणीपेटजवळ मध्यरात्री बिजागरी खोलली गेली, तर ते सकाळी चेन्नईत तितक्याच निर्विकारपणे आपला क्रमांक सांगेल.

अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे रॉजर जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनशेहून अधिक प्रकारच्या सीलांचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष सील विकणाऱ्यांना आवडण्यासारखा नाही. स्वस्त असो वा महाग, साधे असो वा इलेक्ट्रॉनिक, बहुतेक सीलांना सरावलेला माणूस साध्या हत्यारांनी काही मिनिटांत चकवू शकतो. पण त्यांनी सील फेकून द्या असे म्हटले नाही. पाहणाऱ्याला काय पाहावयाचे हे शिकवले, तर साधे सीलही चांगले काम देते, असे त्यांचे म्हणणे होते. पैसा सीलवर खर्च होतो, ते तपासणाऱ्याच्या डोळ्यांवर होत नाही, हे दुखणे आपल्याकडेही काही परके नाही.

डोळ्यांनी पाहावयाचे ते तरी काय? क्रमांक कागदाशी ताडणे ही झाली सुरुवात. मग सील जोराने ओढावयाचे आणि टोपण पिळून पाहावयाचे. कापून पुन्हा चिकटवलेला खिळा येथेच हाती येतो. त्यानंतर नजर सीलवरून उचलून दारावर न्यावयाची. सगळे रिव्हेट एकाच जातीचे आहेत की एखादा नवा चकाकतो आहे? कोयंड्याभोवतीचा रंग बाकीच्या फळीपेक्षा ताजा आहे का? त्याला बोट लागते का? पेटीत माल भरण्यापूर्वीही तिच्या भिंती, छत, तळ आणि दार आतून-बाहेरून तपासावयाचे असते. आतली लांबी बाहेरच्या लांबीशी जुळली नाही तर मध्ये खोटी भिंत आहे असे समजावे. डेपोत आणि मालगाडीवर पेट्या दाराला दार भिडवून ठेवल्या, तर ते उघडण्यास जागाच उरत नाही. या जुन्या युक्तीला एक पैसाही खर्च येत नाही. यांपैकी कोणत्याही कामाला फार मोठी विद्या लागत नाही. लागतो तो दोन मिनिटांचा वेळ, आणि मागे गाड्यांची रांग हॉर्न वाजवीत उभी असताना तोच नेमका कोणाकडे नसतो.

प्रवासाच्या अखेरीस सील कापले जाते आणि त्याचे दोन तुकडे जमिनीवर पडतात. बहुतेक ठिकाणी ते केराच्या टोपलीत जातात. जाणता माल उतरवणारा मात्र कापण्यापूर्वी सीलचे आणि दाराचे छायाचित्र घेतो, आणि माल मोजून पुरा होईपर्यंत ते तुकडे जपून ठेवतो, कारण तंटा उपस्थित झालाच तर तपासावयास तेवढेच हाती असतात.

असे टाकून दिलेले तुकडे किती काळ बोलू शकतात, याचा एक दाखला गुजरातेत लोथल येथे मिळाला. १९५५ पासून तेथे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव हे कर्नाटकाचेच सुपुत्र. २०१३ साली त्यांचे निधन झाले तेही बंगळूरला. लोथलच्या वखारीच्या जागी त्यांना सुमारे ६५ मातीच्या मुद्रा सापडल्या. मालाच्या गाठोड्यांवर ओली माती थापून तीवर शिक्का उठवलेला होता. गाठोडी चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच नाहीशी झाली. पण वखारीला लागलेल्या आगीत ती माती भाजून पक्की झाली, आणि म्हणून टिकली. त्या तुकड्यांच्या पुढच्या बाजूला मुद्रेची चित्रे आणि अक्षरे आहेत. ती अक्षरे अजून कोणाला लागलेली नाहीत. मागच्या बाजूला मात्र गाठोड्याच्या कापडाची वीण, चटईचा पोत आणि दोरीचा पीळ असा उमटलेला आहे की, गाठ कशी मारली होती तेही आज सांगता येते.